पिकअप गाडीस विजेचा पंखा बसविण्यापूर्वी

शेतमाल उत्तम पिकविणे जितके महत्त्वाचे, तितकेच तो वेळेवर व सुस्थितीत बाजारात पोहोचविणेही महत्त्वाचे आहे, हे आता निराळे सांगावयास नको. एके काळी हे काम बैलगाडीने केले. पुढे ते ट्रकने उचलले. आणि 1988 मध्ये टाटामोबाइल ही गाडी पुण्यात तयार होऊन रस्त्यावर आल्यानंतरच्या काळात लहान मालवाहू पिकअप गाडी हळूहळू शेतकऱ्याच्या दारापर्यंत पोहोचली. आज नारायणगावच्या टोमॅटो बाजारात किंवा लासलगावच्या कांदा बाजारात हंगामाच्या दिवसांत अशा गाड्यांच्या रांगा लागलेल्या दिसतात. गाडी घरची असल्यामुळे भाड्याची अडचण मिटली, वेळ हाती आला, ही गोष्ट निर्विवाद होय. परंतु गाडी घरची झाली म्हणजे तिची निगाही घरची झाली, हे मात्र पुष्कळदा विसरले जाते.

उन्हाळा तोंडावर आला की ह्या गाड्यांच्या इंजिनांचे पाणी उकळू लागते व गॅरेजांतून एका उपायाची चर्चा सुरू होते. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा मूळचा पंखा काढून टाकावा आणि त्याच्या जागी बॅटरीवर चालणारा विजेचा पंखा बसवावा, म्हणजे गाडी तापणार नाही, डिझेलही वाचेल, असे सांगितले जाते. उपाय दिसावयास सोपा, अर्ध्या दिवसात होणारा आणि डोळ्यांना दिसणारा आहे. म्हणूनच त्याचा मोह पडतो. विजेचा पंखा ही वाईट वस्तू आहे असे मुळीच नव्हे. तथापि, गाडी का तापते हे न पाहता तो बसविणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा प्रकार होय. पंखा हे औषध आहे. ते रोग ओळखल्यावरच द्यावयाचे असते.

उष्णता कोठून येते व कोठे जाते

इंजिनात जळणाऱ्या डिझेलपासून जी उष्णता निर्माण होते, तिचा ढोबळमानाने एक तृतीयांश भागच चाके फिरविण्याच्या कामी येतो. सुमारे तेवढाच भाग धुराबरोबर बाहेर पडतो आणि उरलेला पाण्याच्या वाटे रेडिएटरकडे जातो. वॉटर पंप हे पाणी इंजिनाभोवती फिरवितो, थर्मोस्टॅट नावाची झडप ते योग्य तापमानास रेडिएटरकडे सोडते, आणि रेडिएटरच्या बारीक जाळीतून जाणारी हवा ती उष्णता उचलून नेते. गाडी ताशी पन्नास-साठ किलोमीटर वेगाने धावत असली म्हणजे समोरून येणारी हवाच हे काम करते. पंखा तेथे जवळजवळ निरुपयोगी असतो. गाडी उभी असली, किंवा हळू चालत असली, म्हणजेच पंख्याची खरी गरज भासते.

एवढे ध्यानात आले म्हणजे गाडीच्या मालकास स्वतःच निदान करता येते. त्यासाठी गाडी केव्हा तापते, हा एकच प्रश्न नीट विचारला पाहिजे. बाजाराच्या आवारात रांगेत उभी असताना किंवा गर्दीच्या रस्त्यावर रेंगाळत असताना तापत असेल आणि मोकळ्या रस्त्यावर लागताच काटा खाली येत असेल, तर हवा कमी पडते आहे असे समजावे. तेथे पंख्याचा विचार करणे योग्य होय. उलट, सपाट रस्त्यावर चांगल्या वेगात धावतानाही गाडी तापत असेल, तर जगातील कोणताही पंखा तिला बरी करणार नाही. रेडिएटर आतून क्षाराने किंवा बाहेरून कचऱ्याने बुजला आहे, थर्मोस्टॅट अडकला आहे, पंप निकामी झाला आहे, अथवा हेड गॅस्केट गेले आहे, ह्यांपैकी काहीतरी तेथे झालेले असते. तिसरा प्रकार चढावर तापण्याचा. त्याचा विचार अधिक काळजीपूर्वक करावयास हवा.

घाटाची परीक्षा

देशावरून मुंबईकडे जाणारी भाजीपाल्याची गाडी कसारा किंवा माळशेज घाट भरल्या मालाने उतरते आणि रिकामी होऊन चढते. कोकणातील आंबा बागायतदाराचे मात्र नेमके ह्याच्या उलट आहे. रत्नागिरीचा हापूस आंबा घाटाने कोल्हापूरकडे निघतो, देवगडकडील माल फोंडा किंवा करूळ घाटाने वर येतो, तर चिपळूणकडील गाड्या कुंभार्ली घाट चढून कराडला पोहोचतात. ह्या साऱ्या गाड्या भरलेल्या पेट्यांसह सह्याद्री चढतात, आणि तेही एप्रिल-मेच्या उन्हात. वर्षभरात इंजिनाची याहून कठीण परीक्षा दुसरी होत नाही.

अशा चढावर गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ताशी वीस-पंचवीस किलोमीटर वेगाने चालते. समोरून येणारी हवा अल्प असते. परंतु इंजिन मात्र मिनिटाला दोन-अडीच हजार फेरे घेत असते आणि पट्ट्यावरील मूळचा पंखाही त्याच वेगाने फिरत असतो. म्हणजे इंजिन जितके कष्टते, तितका हा पंखाही कष्टतो. हवा ढकलण्यास लागणारी शक्ती फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात वाढते. फेरे दुप्पट झाले की शक्ती आठपट लागते. मूळचा पंखा ही शक्ती थेट इंजिनाकडून घेतो व घाटात ती देण्यास इंजिन समर्थ असते. बाजारात मिळणारा मध्यम आकाराचा विजेचा पंखा 12 व्होल्टवर सुमारे 20 अँपिअर प्रवाह घेतो असे धरले, तर त्याची शक्ती 240 वॅट, म्हणजे एका अश्वशक्तीच्या तृतीयांशाएवढीच होते. चढावर जोमाने फिरणाऱ्या मूळच्या पंख्याची बरोबरी त्याने करावी ही अपेक्षाच चुकीची होय. जी गाडी भरल्या मालाने घाट चढते, तिचा मूळचा पंखा काढून टाकू नये, असेच म्हणावे लागेल.

अशी गाडी बाजाराच्या रांगेतही तापत असेल, तर मूळचा पंखा जागेवर ठेवून रेडिएटरच्या पुढील बाजूस एक लहान विजेचा पंखा साहाय्यक म्हणून लावता येतो. तो पुढे असल्याने धावत्या गाडीच्या हवेस थोडा अडथळा करतो, हा त्याचा दोष खरा. म्हणून तो रेडिएटरचा मोठा भाग झाकणारा नसावा.

घाटात गाडी तापण्याचे आणखी एक कारण बहुधा ध्यानात येत नाही. काही गाड्यांचा मूळचा पंखा तेलाच्या चिकट जोडणीवर फिरतो. हवा तापली की ही जोडणी घट्ट होते व पंखा जोराने फिरू लागतो. ती जोडणी जुनी झाली की पंखा फिरताना दिसतो, पण जोर धरीत नाही. इंजिन गरम असताना ते बंद करून पाते हाताने फिरवून पाहावे. ते जड लागले पाहिजे. सैल भिरभिरत असेल तर जोडणी बदलावी. पुष्कळ ठिकाणी विजेच्या पंख्याची गरज वाटते ती केवळ ह्या एका निकामी भागामुळे.

शिवाय वेळेचाही विचार करावा. रेडिएटरमधील पाणी 95 अंश सेल्सियस असताना बाहेरची हवा 40 अंश असेल, तर दोहोंमधील अंतर 55 अंशांचे असते. तीच गाडी पहाटे 25 अंशांच्या हवेत चढली, तर अंतर 70 अंशांचे होते, आणि तेवढ्याच हवेने सुमारे सव्वापट उष्णता निघून जाते. सायंकाळी पेट्या भरून रात्री घाट चढण्याची जुन्या वाहतूकदारांची रीत फळासाठी जशी हिताची, तशी इंजिनासाठीही हिताची आहे, आणि तिला एक पैसाही लागत नाही.

आधी करावयाच्या गोष्टी

पंख्यावर खर्च करण्यापूर्वी काही साध्या गोष्टी केल्या पाहिजेत. मळणीचा भुसा, कापसाचे तंतू, उसाचे पाचट व किडे रेडिएटरच्या जाळीत बसून हवेची वाट अडवितात. ही जाळी इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या बाजूस, हलक्या दाबाच्या पाण्याने धुवावी. जोराच्या फवाऱ्याने तिचे नाजूक पत्रे वाकतात व मग हवा कायमचीच अडते.

दुसरी गोष्ट पाण्याची. विहिरीचे व कूपनलिकेचे पाणी बहुधा जड असते. पिण्याच्या भांड्यात जसा पांढरा थर बसतो, तसाच तो रेडिएटरच्या नळ्यांतही बसतो आणि उष्णतेस बाहेर पडू देत नाही. कारखान्याने सांगितलेले कुलंट व शुद्ध केलेले पाणी ह्यांचे योग्य मिश्रणच भरावे. इथिलीन ग्लायकॉल असलेले कुलंट चवीस गोडसर परंतु विषारी असते. काढलेले जुने कुलंट अंगणात किंवा गोठ्याजवळ ओतू नये. कुत्रे, मांजर वा वासरू ते चाटून प्राणास मुकू शकते.

तिसरी गोष्ट झाकणाची. रेडिएटरचे झाकण हे नुसते बूच नसून दाब राखणारी झडप आहे. समुद्रसपाटीस 100 अंशांवर उकळणारे पाणी झाकणाने राखलेल्या दाबाखाली 120 अंशांच्या जवळपास जाईपर्यंत उकळत नाही. झाकणाचे रबर फाटले की हा लाभ नाहीसा होतो आणि निरोगी इंजिनाचेही पाणी उकळते. थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा सल्ला काही मिस्त्री देतात, तोही मानू नये. त्यामुळे इंजिन आपल्या योग्य तापमानास पोहोचत नाही, डिझेल अधिक जळते व झीज वाढते. झडप बिघडली असेल तर नवी बसवावी. झडपच नको हा उपाय नव्हे.

बसवावयाचाच झाला तर

जी गाडी मुख्यतः सपाट मुलखात चालते, गावातून बाजारात व बाजारातून गावात हळू वेगाने फिरते, रांगेत तासन्‌तास उभी राहते, तिला विजेचा पंखा खरोखर उपयोगी पडतो. मूळचा पंखा इंजिन मंद असताना मंदच फिरतो. विजेचा पंखा मात्र उभ्या गाडीतही पूर्ण वेगाने फिरू शकतो. मोकळ्या रस्त्यावर तो बंद राहतो, हाही त्याचा गुण होय. परंतु हे काम नीट झाले तरच.

पहिला हिशेब विजेचा करावा. पंख्यास 20 अँपिअर, समोरच्या दोन दिव्यांस सुमारे 10 अँपिअर, त्याशिवाय मागचे दिवे, हॉर्न व काच पुसणी ह्यांची बेरीज करून ती अल्टरनेटरच्या क्षमतेशी ताडून पाहावी. येथे एक मेख आहे. अल्टरनेटरवर लिहिलेली क्षमता तो वेगाने फिरत असतानाची असते. इंजिन मंद चालत असताना तो त्याहून पुष्कळच कमी वीज देतो. आणि विजेच्या पंख्याची सर्वांत अधिक गरज नेमकी त्याच वेळी असते. हा हिशेब न जमल्यास पंखा बॅटरीच खाऊ लागतो, आणि रात्री बाजारातून निघताना गाडी सुरूच होत नाही.

दुसरी गोष्ट तारेची. अडीच मीटर लांबीच्या 1.5 चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेतून 20 अँपिअर प्रवाह गेला तर सुमारे 0.6 व्होल्ट वाटेतच खर्च होतो. परतीची तारही तशीच असेल तर ही हानी दुप्पट होते. पंखा मंदावतो व तार तापते. तीच तार 4 चौरस मिलिमीटरची असेल तर एका बाजूची हानी 0.2 व्होल्टच्या आसपास राहते. घरातील दिव्यांची उरलेली तार गाडीस वापरण्याचा मोह म्हणूनच टाळावा. बॅटरीपासून निघणाऱ्या तारेवर, बॅटरीच्या अगदी जवळ, योग्य क्षमतेचा फ्यूज असलाच पाहिजे. डिझेलच्या नळ्या, तापलेले इंजिन आणि घासली जाणारी उघडी तार ही एकत्र आली की आग लागण्यास वेळ लागत नाही.

पंख्याचा पूर्ण प्रवाह चालकाच्या समोरील बटणातून कधीही नेऊ नये. त्यासाठी रिले वापरावा. त्याच्या 30 क्रमांकाच्या टोकास फ्यूजमधून आलेली बॅटरीची तार, 87 क्रमांकास पंखा, आणि 85 व 86 ह्या टोकांस हुकूम देणारा अल्प प्रवाह, अशी त्याची साधारण जोडणी असते. हा हुकूम माणसाच्या आठवणीवर सोडू नये. तापमानावर चालणाऱ्या स्विचकडून तो यावा. रात्रभर जागलेला चालक बटण दाबावयास विसरतो, आणि ते एकदा विसरणे हेड वाकण्यास पुरेसे होते. थर्मोस्टॅट 82 अंशांवर उघडू लागत असेल, तर पंखा त्याहून दहा-बारा अंश वर, म्हणजे 92 ते 95 अंशांच्या सुमारास सुरू व्हावा व पाच-सात अंश खाली आल्यावर थांबावा. स्विच थर्मोस्टॅटहून कमी तापमानाचा घेतला, तर पंखा दिवसभर व्यर्थ फिरत राहतो. चालकाच्या हाती वेगळे बटण द्यावयाचे असेल, तर ते स्विचच्या जोडीला असावे, त्याच्या ऐवजी नव्हे.

तिसरी गोष्ट बसविण्याची. मूळच्या पंख्याच्या जागी येणारा पंखा रेडिएटरच्या मागे राहून हवा ओढणारा असावा. हवा ओढणारी व ढकलणारी पाती निरनिराळ्या वळणाची असतात. तारा उलट जोडून पंखा उलटा फिरविता येतो, परंतु त्याचे काम अर्धवटच होते. पंख्याभोवती संपूर्ण रेडिएटर कवेत घेणारे आवरण असावे. ते नसेल तर हवा फक्त पात्यांच्या वर्तुळापुरतीच ओढली जाते आणि कोपरे तसेच तापत राहतात. जाळीतून आरपार घालावयाच्या प्लास्टिकच्या पट्ट्यांनी पंखा बांधू नये. खड्ड्यांतील हादऱ्यांनी त्या नळ्यांवर घासतात व रेडिएटर गळू लागतो. लोखंडी पट्ट्या करून तो चौकटीस बांधावा. इंजिन चालताना डुलते, म्हणून पंख्याची मोटर व पंपाची पुली ह्यांत दोन बोटांचे तरी अंतर ठेवावे. मूळचा पंखा काढला तरी पट्टा काढावयाचा नाही, हे सांगावयास नको असे वाटते. तथापि सांगितलेले बरे. वॉटर पंप व अल्टरनेटर पुष्कळ गाड्यांत त्याच पट्ट्यावर फिरतात.

काही जोडण्यांत असा पंखा इंजिन बंद असताही आपोआप सुरू होतो. बॉनेट उघडून वाकणाऱ्याने हात, उपरण्याचे टोक किंवा मफलर त्याच्याजवळ नेण्यापूर्वी बॅटरीची तार सोडवावी. इंजिन बंद झाल्यावर पंखा चालू ठेवण्यात लाभही फारसा नाही. पंप थांबल्यामुळे पाणी फिरत नाही, केवळ रेडिएटर थंड होतो आणि बॅटरी उतरते. एप्रिल 2020 पासून लागू झालेल्या भारत स्टेज सहाच्या नियमांप्रमाणे बनलेल्या गाड्यांत इंजिनाचा कारभार संगणकाकडे असतो. त्यांच्या तारा कापून काही जोडण्याच्या भानगडीत पडू नये. वॉरंटीत असलेल्या गाडीबाबत विक्रेत्याला व विमा कंपनीला आधी विचारून घ्यावे.

डिझेलच्या बचतीविषयी

विजेच्या पंख्याने डिझेल फार वाचते, हे म्हणणे अर्धसत्य आहे. वीज फुकट मिळत नाही. इंजिन अल्टरनेटर फिरविते, अल्टरनेटर वीज करतो, वीज मोटर फिरविते, आणि प्रत्येक टप्प्यावर काही शक्ती वाया जाते. बचत होते ती पंखा बहुतेक वेळ बंद राहतो म्हणून. जी गाडी दिवसाचा मोठा भाग मोकळ्या रस्त्यावर धावते तिला थोडा लाभ होईल. जिचा पंखा उन्हाळाभर चालूच राहणार, तिला तो होणार नाही. टायरमधील योग्य हवा, स्वच्छ एअर फिल्टर आणि मर्यादेत भरलेला माल ह्यांनी होणारी बचत अधिक खात्रीची आहे. किंबहुना, क्षमतेबाहेर माल भरणे हेच घाटात गाडी तापण्याचे मोठे कारण असते. त्यावर पंख्याचा इलाज शोधणे ही स्वतःची फसवणूक होय.

सामुदायिक उपाय

गाडी घाटात बंद पडली म्हणजे नुकसान केवळ इंजिनाचे होत नाही. पेट्यांतील फळ उन्हात पिकून मऊ पडते, सकाळचा लिलाव हुकतो, आणि दुसऱ्या दिवशी मिळेल त्या भावाला माल द्यावा लागतो. वर्षभर झाडाला पाणी, खत व राखण देणाऱ्या बागायतदाराने एका फाटक्या झाकणापायी हे सोसावे, ही गोष्ट खेदाची आहे. शिवाय घाईने उकळत्या रेडिएटरचे झाकण उघडून हात व तोंड भाजून घेण्याचा धोका असतो. काटा लाल रेघेला लागताच गाडी बाजूस घेऊन थांबवावी, निदान अर्धा तास झाकणास हात लावू नये, आणि तापल्या इंजिनात गार पाणी एकदम ओतू नये. त्याने हेड तडकण्याची भीती असते.

पीकसंरक्षणाची तयारी जशी रोग येण्यापूर्वी करावयाची, तशीच गाडीचीही. शेतकरी उत्पादक कंपन्या व सहकारी सोसायट्यांनी हंगामापूर्वी, म्हणजे फेब्रुवारीच्या सुमारास, आपल्या सभासदांच्या गाड्यांची एक दिवसाची तपासणी ठेवावी. तालुक्याच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम असल्यास तेथील शिक्षकांचे व विद्यार्थ्यांचे साहाय्य घेता येईल. रेडिएटर, झाकण, पट्टा, थर्मोस्टॅट व पंख्याची जोडणी एवढ्या पाच गोष्टी जरी त्या दिवशी पाहिल्या गेल्या, तरी कोणत्या गाडीस विजेचा पंखा खरोखर हवा व कोणत्या गाडीस नुसती धुलाई पुरेशी आहे, हे तेथेच ठरून जाईल. पंखा घेणे न घेणे हा मग हौसेचा विषय न राहता हिशेबाचा विषय होईल, आणि शेतीच्या धंद्यात हिशेबाने केलेली गोष्टच अखेरीस किफायतीची ठरते.